कोणत्या उंचीला सरळ?

पचेतन राजाने रथकाराला बोलावून सांगितले, सहा महिन्यांनी लढाई आहे, रथाला चाकांची नवी जोडी हवी. रथकार हो म्हणाला. मुदत संपायला सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. उरलेल्या दिवसांत दुसरे होईल का, असे राजाने विचारले. होईल, असे उत्तर आले, आणि ठरल्या दिवशी दोन्ही चाके राजापुढे आली. राजाने निरखून पाहिले. त्याला दोहोंत काहीच फरक दिसेना. मग रथकाराने सहा दिवसांत केलेले चाक जमिनीवर सोडले. दिलेला जोर होता तिथवर ते गेले, गिरकी घेतली आणि आडवे पडले. दुसरेही जोर होता तिथवरच गेले, पण थांबल्यावर जणू आखात बसवले आहे असे उभे राहिले.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातली ही कथा बुद्धांनी वाराणसीजवळ इसिपतनच्या मृगदायात सांगितली. पडलेल्या चाकाचा घेर, आरे आणि तुंबा या तिन्हींत वाकडेपणा आणि खोट राहिली होती, असा खुलासा रथकार करतो. कथेच्या शेवटी बुद्ध सांगतात की तो रथकार पूर्वजन्मी आपणच होतो. तेव्हा लाकडाचा वाकडेपणा ओळखत होतो, आता काया, वाचा आणि मन यांचा ओळखतो.

कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका छोट्या वाक्यात दडली आहे: राजाला फरक दिसला नाही. चाके उभी होती, स्थिर होती, दोन्ही सुबक होती. खोट दिसण्यासाठी ती चालावी लागली.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा लाखांदूर तालुका या कथेला जवळचा आहे. इथे चुलबंद वैनगंगेला मिळते आणि नदी ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातले वडसा लागते. शेजारच्या पवनीत १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. आजही या भागात गावोगावी विहार आहेत, पंचशील ध्वज आहेत आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघणारी माणसे आहेत. धर्मचक्र हा इथे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आणि खरे चाकही फार दूर गेलेले नाही.

बांधीतून धानाचे भारे वाहणारी बैलगाडी ट्रॅक्टरपुढे मागे पडली, तरी तिची भाषा शिल्लक आहे: तुंबा, आरे, आख, धाव, वंगण, जू. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती आगीत लाल तापवतात, फुगलेली असतानाच लाकडी घेरावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आकसते, घेर तुंब्याच्या दिशेने आवळला जातो, सगळे सांधे कुरकुरत जागेवर बसतात आणि सुटे तुकडे एक चाक होतात. अशा गाड्या पांदणीतून वर्षानुवर्षे गेल्या की मातीत दोन समांतर चर पडतात. ती चाकोरी. आखाची लांबी वेगळी असलेली गाडी त्या चरांत बसत नाही. एक चाक खोलात, दुसरे कडेवर अशी ती तिरकी चालते. तिरकेपणाचा भार चाकावर कमी आणि बैलाच्या खांद्यावर जास्त पडतो.

भाषेनेही हे अनुभवले असावे. ऋग्वेदात ‘सुख’ हे विशेषण रथाला लागते. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. तुंब्यातले ज्यातून आख जातो ते भोक नीट पडलेले असले की रथ सुखाने चालतो. त्याच धर्तीवर ‘दुःख’ या शब्दाची फोड वाईट भोक पडलेले चाक अशी केली जाते. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. काही भाषाशास्त्रज्ञ दुःखाचे मूळ ‘दुःस्थ’ या शब्दात शोधतात. पण दुःस्थ म्हणजे नीट न उभे असलेले. कोणतीही वाट धरली तरी दुःखाचा शब्द बसण्या-उभे राहण्यातल्या खोटीपाशीच येऊन थांबतो.

आजच्या रस्त्यावर हीच खोट टायरच्या दुकानात मोजली जाते. दुकानावर बहुतेक ठिकाणी ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ अशी जोडपाटी असते आणि गाडीवाले दोन्ही शब्द एका दमात उच्चारतात. कामे मात्र वेगळी आहेत. बॅलन्सिंगसाठी चाक गाडीतून उतरवतात, यंत्रावर एकटे फिरवतात आणि जिथे हलके पडते तिथे काही ग्रॅमचे वजन लावतात. ही त्या एका चाकाची परीक्षा. अलाइनमेंटच्या वेळी चाक गाडीतच राहते. समोरून पाहिल्यावर ते आत किंवा बाहेर किती कलले आहे, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर डाव्या-उजव्या चाकांची तोंडे एकमेकांकडे वळली आहेत की एकमेकांपासून दूर, तो टो. चाक ज्या कलत्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे असणारा कल म्हणजे कॅस्टर. त्याच्यामुळे वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होऊ पाहते. मागच्या चाकांची एकत्रित दिशा गाडीच्या मध्यरेषेशी जुळते का, हेही तपासतात. ती जुळली नाही तर सरळ रस्त्यावरही गाडी किंचित आडवी पळते आणि स्टेअरिंग वाकडे धरावे लागते.

यांतली बहुतेक मापे एकट्या चाकाची नाहीतच. दोन चाकांत, चाकात आणि गाडीत, पुढच्या आणि मागच्या जोडीत जे नाते आहे ते इथे मोजले जाते. पचेतनाच्या रथकाराने केलेली परीक्षा बॅलन्सिंगची होती. चाक एकटे सोडले, एकटे चालले, एकटे उभे राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माची परीक्षा दुसऱ्या यंत्रावर घेतली. ते १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते धम्म मूलतः सामाजिक आहे असे ठामपणे मांडतात. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की आवडो न आवडो, धम्माला जागा द्यावीच लागते. धम्म म्हणजे माणसामाणसांतले योग्य संबंध, हा त्या मांडणीचा गाभा.

एकट्या चाकाला टो नसतो. दोन असली की असतो.

म्हणजे जुना रथकार चुकला असे नाही. ज्या चाकाच्या तुंब्यातच खोट आहे त्याची जुळणी करून उपयोग काय? टायरच्या दुकानातही वाकडी रिम आधी दुरुस्त करतात, ढिले बॉलजॉइंट आणि टाय रॉड आधी बदलतात, हवा सारखी भरतात आणि मगच गाडी अलाइनमेंटला घेतात. मन, वाणी, शरीर यांची शुद्धी आधी आणि संबंधांची जुळणी नंतर, असा क्रम त्यातून निघू शकतो. पण माणूस गाडीतून उतरवलेल्या चाकासारखा वेगळा करून तपासता येत नाही. तो सदैव आखातच असतो. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा मजूर, कुणाचा मालक म्हणूनच तो भेटतो. त्याचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकाच वेळी, चालत्या गाडीत करावे लागते.

इथवर दोन प्रश्न झाले: चाक स्वतः नीट आहे का, आणि ते इतरांशी जुळले आहे का. तिसरा प्रश्न गाडी खाली बसवणाऱ्यांनी उभा केला.

गाडी जमिनीला लागेल इतकी खाली घेण्याची हौस जगभर आहे आणि भारतातही ती पोचली आहे. त्याची एक रीत म्हणजे एअर सस्पेन्शन. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी बेलो येतात, डिकीत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी बसते, व्हॉल्व्ह येतात. बटण दाबले की हवा सुटते आणि गाडी बसते, पुन्हा दाबले की हवा भरते आणि ती उठते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनाजोगते बदल करता येत नाहीत, हे अशा प्रत्येक गाडीमालकाने आधी ध्यानात घ्यायला हवे. पण इथे पाहायचे आहे ते तिच्या चाकांचे काय होते ते.

गाडी खाली आली की चाक नुसते वर सरकत नाही. खालचा आर्म एका कंसात फिरतो, स्टेअरिंगचा टाय रॉड दुसऱ्या कंसात. दोन्ही कंस तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे उंची बदलताच टो बदलतो. कॅम्बरही बदलतो, बहुतेक गाड्यांत चाकाचा माथा आत झुकतो आणि टायरची आतली कड जास्त घासू लागते. टो अर्धा अंश बिघडला तर काय होते, याचा साधा हिशेब मांडता येतो. अर्ध्या अंशाने तिरपे असलेले चाक एक किलोमीटर जाताना जवळजवळ ८.७ मीटर आडवे फरपटते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ही फरफट पाऊण किलोमीटरच्या पुढे जाते. चालवणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. रबराला कळते. टायरवर हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते.

साध्या, कायमच्या खाली बसवलेल्या गाडीचा उपाय सरळ आहे: नव्या उंचीवर नवी अलाइनमेंट. एअर सस्पेन्शनच्या गाडीला मात्र एक उंची नाहीच. प्रदर्शनात ती जमिनीला टेकते, खड्ड्यात उचलली जाते, हमरस्त्यावर मधल्या उंचीने पळते. एका उंचीला शून्यावर आणलेला टो दुसऱ्या उंचीला शून्य राहत नाही. मग कोणत्या उंचीला तिला सरळ म्हणायचे?

या प्रश्नावर कारागिरांचे उत्तर जवळजवळ एकमुखी आहे. गाडी ज्या उंचीवर चालते त्या उंचीवर. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे, ती चालवण्याची उंची चारही कोपऱ्यांत पक्की करायची आणि तिथेच माप घ्यायचे. कारखान्यातून एअर सस्पेन्शन घेऊन आलेल्या गाड्यांतही आधी उंची ठराविक पातळीवर आणूनच अलाइनमेंट होते. नुसता हवेचा दाब पाहून भागत नाही. दाब तोच ठेवला आणि मागे चार माणसे बसली की गाडी खाली जाते. म्हणून चांगल्या यंत्रणेत उंची मोजणारे वेगळे सेन्सर असतात.

धर्माच्या प्रांतात या उत्तराने अवघड जागी बोट ठेवले आहे. माणसाच्याही उंच्या बदलतात. विहारात, मंदिरात, दिंडीत, ध्यानशिबिरात तो नमतो, अगदी जमिनीला टेकतो. तिथे त्याचे मन खरोखर सरळ असते. त्या क्षणाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. नंतर तो उठतो, वाण्याच्या दुकानात, शेताच्या धुऱ्यावर, कचेरीच्या टेबलामागे, घरच्या चुलीपाशी येतो. उंची बदलली, कंस बदलले. नमलेल्या अवस्थेत जुळवलेले माप या उंचीला टिकते का, हे कुणी पाहिलेले नसते. धार्मिक माणसाचे वागणे आणि त्याची उपासना यांत अंतर का पडते, याचे उत्तर दर वेळी ढोंगात सापडत नाही. पुष्कळदा त्याने अलाइनमेंटच चुकीच्या उंचीला करून घेतलेली असते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. सरळपणा उंचीवर अवलंबून असेल तर खरेखोटे काही उरतच नाही. ज्याची जशी उंची तसा त्याचा धर्म. विनयपिटकात या आक्षेपाचे उत्तर देणारा एक प्रसंग आहे. अवंती-दक्षिणापथात महाकच्चान नावाचे थेर राहत होते. त्या मुलखात भिक्खू थोडे, आणि जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवलेली. त्यांनी सोण कुटिकण्ण या शिष्याकरवी बुद्धांकडे सवलती मागितल्या आणि बुद्धांनी त्या दिल्या. सीमेवरच्या प्रदेशांत दहाऐवजी पाच भिक्खूंच्या संघाला उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, देता येऊ लागली, आणि जाड तळाची पादत्राणे वापरता येऊ लागली. चालण्याची दिशा तीच राहिली, तळवा मात्र जमिनीप्रमाणे बदलला. खडबडीत भूमीवर मऊ भूमीचे माप लादण्याचा हट्ट बुद्धांनी धरला नाही, आणि भूमी खडबडीत आहे म्हणून कुठेही चाला, असेही म्हटले नाही.

विनयाच्या त्याच खंधकात, चामड्याविषयीच्या भागात, दुसरा एक सोण भेटतो. सोण कोळिविस हा श्रीमंताघरचा मुलगा. पावले इतकी नाजूक की साधनेसाठी येरझाऱ्या घालताना तळवे फुटले आणि वाट रक्ताने भिजली. तो घरी परतण्याचा विचार करू लागला, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेबद्दल विचारले. तारा फार ताणल्या तर स्वर लागतो का? फार सैल सोडल्या तर? त्याला सांगितले गेले ते प्रयत्नातली समता साधायला. हा मध्यममार्ग पुष्कळदा दोन टोकांमधला अर्धा रस्ता असा समजला जातो. वीणा वाजवणारा मात्र दोन टोकांच्या मधोमध मोजपट्टी लावत नाही. तो त्या वाद्याला, त्या तारेला बसणारा ताण कानाने शोधतो. एअर सस्पेन्शनच्या भाषेत सोणचा दाब भरपूर होता, उंची चुकली होती. झीज तळव्यांवर दिसली.

हवेवर तोललेले सस्पेन्शन मुळात कशासाठी आले, हेही या संदर्भात आठवावे. १९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएनची डीएस आली. तिच्यात तेल आणि वायू मिळून गाडी तोलत होते, आणि आत एक माणूस बसो की पाच, तिची उंची तीच राहत होती. भारतात व्होल्वोच्या बी७आर बसगाड्या २००१ पासून धावू लागल्या. प्रवासी चढले की व्हॉल्व्ह हवा भरतो, उतरले की सोडतो, आणि बस समपातळीवर राहते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, भाऊबीज उलटून मंडईचा, म्हणजे जत्रा-नाटकांचा मोसम लागला की साकोली-लाखांदूर-वडसा या रस्त्याने माणसांनी आणि नाटकांच्या सामानाने भरलेल्या गाड्या जातात. त्यांचे लोखंडी पाटे ओझ्याखाली बसतात आणि ओझे उतरले की उसळतात. हवेचे सस्पेन्शन या चढउतारावरचा उपाय म्हणून आले. लाभ-हानी, कीर्ती-अपकीर्ती, निंदा-स्तुती, सुख-दुःख या आठ लोकधर्मांनी न हलणारे मन बौद्ध परंपरेने पूज्य मानले आहे. ते मनही असेच आहे: ओझे नाकारत नाही, ओझ्याखाली पातळी सोडत नाही. समतेसाठी निघालेले साधन पुढे गाडी टेकवून दाखवण्यासाठी वापरले जाऊ लागले. साधनांचा हा प्रवास धर्माच्या इतिहासालाही अपरिचित नाही.

आणि चुकलेल्या मापाची किंमत कोण देतो? गाडीत ती टायर देतो. बैलगाडीत बैलाचा खांदा देतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, शेकतात. पोळ्याला त्यांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात मुले चाकांवरचे लाकडी नंदी दोरीने ओढत गल्लीतून फिरतात. खांद्याला तूप लावणारा हात प्रेमाचा असतो. पण त्या खांद्यावर आधी गाठ आहे की नाही, कातडी सोललेली आहे की नाही, हे वर्षभर जू कसे ठेवले गेले त्यावर ठरलेले असते. सणाच्या उंचीला सगळीच जुवे सरळ असतात. माणसांच्या समाजात हा खांदा कुणाचा होता आणि आहे, हे सांगण्यासाठीच आंबेडकरांनी धम्म एकट्याच्या मोक्षातून काढून दोघांच्या नात्यात आणून ठेवला. जुळणी बिघडवणारा आणि झिजणारा हे वेगळे असतात, म्हणून बिघडवणाऱ्याला तो बिघाड कळायला इतका वेळ लागतो. त्याने निदान दुसऱ्याच्या खांद्यावरून हात फिरवून पाहावा, जसा कारागीर टायरवरून फिरवतो.

पचेतनाची कथा एका जागी गप्प आहे. लढाई झाली का, कोण जिंकले, ते चाक नव्याने घडवले का, यातले काहीही सुत्तात येत नाही. राजाने मात्र मागितली होती जोडी. पडलेले चाक उचलून लढाईच्या दिवशी रथाला लावले गेले असेल, तर सहा महिने घडवलेले निर्दोष चाकही त्याच आखाच्या दुसऱ्या टोकाला होते. एक गिरकी घेत आहे, दुसरे सरळ जाऊ पाहते आहे, मध्ये एकच लाकूड, आणि पुढे जुंपलेल्या घोड्यांना मागे काय चालले आहे ते दिसत नाही. खांद्याला फक्त एका बाजूची ओढ लागते.